मरहूम इद्रीस हसन लतीफ : सैनिक, राज्यपाल, राजदूत

फौजेत उमर घालवलेल्या अधिकाऱ्याला पुढे राजदूत म्हणून परदेशी पाठविण्याची रीत अनेक देशांत आहे. आपल्या देशातील अशा अधिकाऱ्यांपैकी एकाचा महाराष्ट्राशी फार जवळचा संबंध आला. ते म्हणजे एअर चीफ मार्शल इद्रीस हसन लतीफ. हवाई दलाचे प्रमुख, महाराष्ट्राचे राज्यपाल आणि फ्रान्समधील भारताचे राजदूत अशी तीन पदे त्यांनी भूषविली. आम्ही कळंबोलीत उर्दू माध्यमाच्या मुलांना शिकवतो. हवालदार अब्दुल हमीद आणि डॉ. अब्दुल कलाम ही नावे मुले चटकन सांगतात. लतीफ यांचे नाव काढले की वर्ग गप्प होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

लतीफ यांचा जन्म ९ जून १९२३ रोजी हैदराबादेत, एका सुलेमानी बोहरा घराण्यात झाला. निजाम कॉलेजात शिकून, दुसरे महायुद्ध पेटलेले असताना, १९४२ मध्ये ते हवाई दलात अधिकारी झाले. तेव्हा त्यांना विसावे वर्षही लागले नव्हते. कराचीच्या तळावरून उडून अरबी समुद्रात शत्रूच्या पाणबुड्यांचा माग काढणे हे त्यांचे पहिले काम. पुढे इंग्लंडमध्ये हरिकेन आणि स्पिटफायर विमानांचे प्रशिक्षण घेऊन ते परतले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांविरुद्ध लढले.

मग १९४७ साल उजाडले. देशाबरोबर हवाई दलाचीही वाटणी झाली. विमाने वाटली गेली, तुकड्या वाटल्या गेल्या आणि माणसांना विचारण्यात आले, तुम्ही कोणीकडे? असगर खान आणि नूर खान हे त्यांचे सहकारी पाकिस्तानात गेले. पुढे ते दोघेही तिकडच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. चोवीस वर्षांच्या लतीफ यांना हा रस्ता मोकळा होता. शिवाय त्यांचे स्वतःचे शहर, निजामाचे हैदराबाद, तेव्हा भारतात सामील झालेले नव्हते. ते सप्टेंबर १९४८ मध्ये झाले. त्या तेरा महिन्यांत सामान्य मुसलमानावर काय ओझे होते, हे मराठवाड्यातील वाचकांना वेगळे सांगायला नको. अशा वेळी लतीफ यांनी भारताची वर्दी अंगावर ठेवली. २६ जानेवारी १९५० रोजी पहिल्या प्रजासत्ताकदिनी दिल्लीच्या आकाशातून विमाने गेली, तेव्हा त्यांचे नेतृत्व लतीफ करीत होते.

पुढे वॉशिंग्टनच्या भारतीय वकिलातीत ते हवाई दलाचे प्रतिनिधी होते. परराष्ट्र व्यवहाराची तालीम त्यांना तेथेच मिळाली. १९७१ च्या युद्धात हवाई मुख्यालयातील नियोजनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. १९७८ ते १९८१ या काळात ते हवाई दलाचे प्रमुख होते. देशाच्या तिन्ही सेनादलांपैकी एखाद्या दलाचे प्रमुखपद आजवर या एकाच मुसलमानाला मिळाले आहे. ब्रिटन आणि फ्रान्स यांनी मिळून बनविलेली जग्वार विमाने त्यांच्याच काळात, १९७९ मध्ये, अंबाल्याला उतरली.

मार्च १९८२ मध्ये ते मलबार हिलच्या राजभवनात आले. आपल्या रायगडचे बॅ. अंतुले मुख्यमंत्रिपदावरून पायउतार झाले, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. गिरण्यांचा संप सुरू होता, लाखो कामगार घरी बसले होते. मे १९८४ मध्ये भिवंडी पेटली आणि तिची आग मुंबई-ठाण्यापर्यंत गेली. पोलीस आणि कारभार मुख्यमंत्र्यांच्या मंत्रिमंडळाच्या हाती असतो. राज्यपालाला घटनेने आखून दिलेल्या चौकटीतच राहावे लागते. हवाई दलाची कमान सांभाळलेल्या माणसाला ही चौकट किती अरुंद वाटली असेल, याचा आम्ही विचार करतो. त्यांच्या पत्नी बिल्कीस लतीफ मात्र राजभवनात बसून राहिल्या नाहीत. त्यांनी धारावीत काम उभे केले. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

१९८५ मध्ये लतीफ यांना फ्रान्सला पाठविण्यात आले. वेळ नाजूक होती. त्याच वर्षी जानेवारीत दिल्लीत हेरगिरीचे मोठे प्रकरण उघडकीस आले होते आणि फ्रान्सच्या राजदूतांना मायदेशी परतावे लागले होते. दुसरीकडे, फ्रान्सकडून घेतलेली मिराज विमाने त्याच वर्षी भारतात येत होती. मन खट्टू झालेल्या दोन देशांना व्यवहार तर चालू ठेवायचाच होता. विमानांची भाषा जाणणारा माणूस तेथे हवा होता. १९८८ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले. ३० एप्रिल २०१८ रोजी हैदराबादेत त्यांचा इंतकाल झाला.

लतीफ यांचे नाव पुष्कळदा वफादारीचा दाखला म्हणून पुढे केले जाते. आम्हाला ते पटत नाही. दाखला मागणाऱ्याला एक दाखवला की तो दुसरा मागतो. लतीफ यांनी १९४७ मध्ये निर्णय घेतला आणि पुढची एकेचाळीस वर्षे काम केले. मुलांना सांगायचे ते हे काम.

आणि त्याची वाटही सांगायची. हवाई दलात वैमानिक अधिकारी व्हायचे तर बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र लागते. उर्दू माध्यमाची आमची किती तरी मुले दहावीनंतर याच दोन विषयांना घाबरून दूर जातात. मुलांना सैन्यात अधिकारी होण्यासाठी तयार करणारी महाराष्ट्र शासनाची संस्था १९७७ पासून औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात आहे. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत २०२२ पासून मुलींनाही प्रवेश मिळतो. दरवाजा उघडा आहे. तेथवर पोहोचेल इतके गणित आपल्या मुलामुलींना शिकवणे, ही आम्हा शिक्षकांची आणि पालकांची जिम्मेदारी आहे.