केंब्रिजचे रुग्णालय आणि सांध्याचे अस्तर

केंब्रिज येथे 1905 साली टॉमस स्ट्रेंजवेज या विकृतिशास्त्रज्ञाने जे लहानसे संशोधन-रुग्णालय देणग्यांच्या बळावर उभारले, त्याचा हेतू एकच होता: ज्या विकाराला आल्फ्रेड गॅरड याने 1859 मध्ये ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस हे नाव दिले आणि आपल्याकडील वैद्य ज्याची आमवाताशी सांगड घालतात, त्याचे मूळ रुग्णाच्या उशाशी बसून शोधावे. पहिल्या महायुद्धानंतर मात्र स्ट्रेंजवेज यांचे चित्त काचपात्रात जिवंत राखलेल्या पेशींकडे ओढले गेले, रुग्णांच्या खाटा उठल्या, आणि 1926 मध्ये ते निवर्तले तेव्हा मूळ संकल्प मागे पडल्यासारखाच झाला होता. पुढे 1929 पासून चार दशके, आता स्ट्रेंजवेज प्रयोगशाळा म्हणविणाऱ्या या संस्थेचा कारभार पाहणाऱ्या ऑनर फेल कोंबडीच्या गर्भातील अस्थींचे अंकुर पात्रात वाढवीत. वरपांगी या उद्योगाचा आमवाताशी सुतराम संबंध दिसत नव्हता.

या विकारात सांध्याचे रोगट अस्तर फुगून कूर्चेवर चढते, हे विकृतिशास्त्रज्ञांना पूर्वीपासून ठाऊक होते. ते कोलॅजन तोडणारे विकर स्रवते, हे 1967 मध्ये अमेरिकेत सिद्ध झाले. परंतु कूर्चा कशी झिजते याची खरी उकल, माझ्या मते, फेल यांनी जब या सहकाऱ्यासह 1977 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, पात्रातीलच एका साध्या प्रयोगाने केली. डुकराच्या सांध्यातील अस्तराचा तुकडा त्यांनी कधी कूर्चेला भिडवून, तर कधी अंतर राखून ठेवला. भिडविला असता मृत कूर्चाही झिजे, म्हणजे अस्तराची विकरेच तिला खात. दूर ठेवला असता मृत कूर्चा जशीच्या तशी राही, जिवंत कूर्चेचे आधारद्रव्य मात्र ओसरू लागे. अस्तराचा काही सांगावा पोहोचताच कूर्चेच्याच पेशी, फितूर झालेल्या शिबंदीने आतून दरवाजा उघडावा तशा, स्वतःभोवतीची तटबंदी मोडीत. डिंगल, साकलातवाला आदी संशोधकांनी स्ट्रेंजवेज प्रयोगशाळेतच हा सांगावा नेणाऱ्या द्रव्याचे कॅटाबोलिन असे नामकरण केले, आणि 1985 मध्ये ते इंटरल्यूकिन-1 असल्याची खातरजमा झाली.

पुढील वर्षी फेल वारल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, प्रतिकारशक्ती जवळजवळ नसलेल्या उंदरांच्या शरीरात रुग्णांच्या अस्तरातील पेशी निरोगी मानवी कूर्चेसह रोविल्या गेल्या, तेव्हा चिथावणारी रुग्णाची एकही प्रतिकारपेशी जवळ नसता त्या कूर्चेत घुसल्या. अस्तर म्हणजे दाहाचा केवळ बळी, हे मत त्यानंतर टिकणे अवघड होते.