तुपाची शाई

एखादं यंत्र आतून दिसत नसेल, तर ते काय घेतं आणि काय देतं यावरून त्याची रीत ओळखायची, याला आज रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. ही विद्या संगणकाबरोबर आली असं आपण गृहीत धरतो. मुंबईतल्या मराठी छपाईचा आरंभ पाहिला की ते खरं वाटत नाही. अमेरिकन मिशनच्या छापखान्यातून निघणारी ख्रिस्ती पुस्तकं पाहून गणपत कृष्णाजी या कारागिराला वाटलं, आपले धर्मग्रंथही असे छापावेत. त्यांच्या खटपटीची हकिकत गोविंद नारायण माडगावकरांनी 1863 च्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये दिली आहे. गणपत कृष्णाजींनी लाकडी यंत्र स्वतः उभं केलं, निरनिराळे दगड घासून पाहिले, शाई घरीच केली, आणि 1831 मध्ये शिळाप्रेसवर पंचांग छापलं. तोवर मराठी पंचांग हातानेच नकलून घ्यावं लागे.

यावर कोणी म्हणेल, ही तर नुसती नक्कल. शिळाछाप 1790 च्या दशकात जर्मनीत सेनेफेल्डरने शोधली होती, आणि मुंबईत सरकारी शिळाप्रेस 1820 च्या दशकातच होता. हे मान्य, पण नक्कल करायला मूळ साहित्य हाताशी लागतं. शिळाछापेचं मर्म डोळ्यांना दिसत नाही. चुनखडीच्या दगडावर स्निग्ध शाईने उलटं लिहायचं, दगड ओला करायचा, वर शाईचा रूळ फिरवायचा. पाणी कोऱ्या जागेवर बसतं, शाई फक्त लिहिलेल्या अक्षरांना धरते. युरोपात यासाठी बव्हेरियातला झोल्नहोफेनचा दगड वापरत. त्याच्या जागी दुसरा दगड निवडायचा, तर दगडाने नेमकं काय करायचं असतं हे आधी उमगायला हवं. शाईचंही तेच. शाईत चरबी असते म्हणून सोवळी मंडळी छापील पोथीला हात लावीनात, तेव्हा गणपत कृष्णाजींनी चरबीच्या जागी तूप घातलं. चरबीचं काम स्निग्धपणाचं आहे हे कळल्याशिवाय असा बदल करता येत नाही. माझ्या मते कारागिराला रीत समजली होती याचा सर्वांत भक्कम पुरावा हे तूपच आहे.

ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचं उदाहरण याच्या शेजारी ठेवून पाहावं. कंपनीने लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवणारा उघडा प्रोग्राम, दिला नव्हता, चिपची माहितीही नाही. चिपमध्ये रजिस्टर म्हणजे क्रमांक घातलेले खण असतात. ड्रायव्हर त्यांत आकडे लिहितो आणि त्यांतून वाचतो. प्रोग्रामरांनी बंद ड्रायव्हरचा यंत्रसंकेत उलगडून तो कोणत्या खणात कोणता आकडा लिहितो आणि काय वाचतो याची नोंद घेतली. एका गटाने त्या नोंदींवरून चिपचं वर्णन लिहिलं, आणि मूळ ड्रायव्हर न उघडलेल्या दुसऱ्या गटाने केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचला. चोरीचा आरोप येऊ नये म्हणून ही विभागणी. 2006 मध्ये तो लिनक्सच्या 2.6.17 आवृत्तीत आला. कंपनीने आपला मुक्त ड्रायव्हर दिला तो 2010 मध्ये.

दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हा आक्षेप रास्त आहे. मिशनने काही कुलूप लावून ठेवलं नव्हतं. छापखान्यात शिरलेला मुलगा तिथलं काम शिकू शकत होता. पुढे स्वतःचा छापखाना काढणारे जावजी दादाजी तिथेच लहानपणी खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांच्या, कामाला लागले. पण नोकरीत शिकलेला माणूस तिथल्या साहित्यावर अवलंबून राहतो. त्यातून बाहेर पडायचं तर खिळे स्वतः पाडता यायला हवेत. गणपत कृष्णाजींनी पुढे ते केलं, आणि जावजींनीही 1864 मध्ये स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. मराठी मुद्रणाच्या इतिहासात आपण ग्रंथांची यादी मन लावून देतो, पण दगड, शाई आणि धातू यांच्यावर केलेल्या प्रयोगांना दोन ओळींत उरकतो. हा अन्याय आहे. 1869 मध्ये जावजींचा निर्णयसागर छापखाना काळबादेवीच्या कोलभाट लेनमध्ये उभा राहिला, तो स्वतः पाडलेल्या खिळ्यांवर.