श्राव्यातीत ध्वनीचा उपचार आणि मुरगळलेला घोटा

पाय मुरगळून घोट्याला सूज आलेला रुग्ण फिजिओथेरपी केंद्रात गेला की, अनेकदा त्या जागी थंडगार जेल लावून धातूचे सपाट टोक असलेली मूठ पाच-दहा मिनिटे गोलाकार फिरवली जाते. रुग्ण त्याला ‘मशीन लावणे’ म्हणतात. वैद्यकीय परिभाषेत ती उपचारात्मक अल्ट्रासाउंड, म्हणजे श्राव्यातीत ध्वनिलहरींची चिकित्सा होय. स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध अशा मृदू ऊतींच्या दुखापतींवर ती अनेक दशके जगभर रूढ आहे. या लहरी शरीरात काय करतात, याची बरीचशी माहिती उपलब्ध आहे. दुखापत त्यामुळे लवकर बरी होते काय, या प्रश्नाचे उत्तर मात्र उपचाराच्या लोकप्रियतेशी जुळणारे नाही.

माणसाला सेकंदाला सुमारे २० हजार कंपनांपर्यंतचा ध्वनी ऐकू येतो. उपचारातील ध्वनी बहुधा १ किंवा ३ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख कंपनांचा असतो. विशिष्ट स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो, हे झाक आणि पिएर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. याच गुणधर्माच्या उलट बाजूवर, म्हणजे बदलत्या विद्युतदाबाने स्फटिक कंप पावण्यावर, हे यंत्र चालते. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा माग काढण्यासाठी पॉल लांजव्हँ यांनी प्रयोग केले, तेव्हा तीव्र लहरींच्या वाटेत आलेले लहान मासे मरत असल्याचे दिसले. ध्वनीचा सजीव ऊतींवर परिणाम होतो, याची ती आरंभीची खूण होती. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत रायमार पोलमान यांनी त्याचा उपचारासाठी वापर केला.

३ मेगाहर्ट्‌झच्या लहरी त्वचेखाली एक-दोन सेंटिमीटरमध्येच बऱ्याच अंशी शोषल्या जातात; १ मेगाहर्ट्‌झच्या लहरी अधिक खोल, साधारण तीन ते पाच सेंटिमीटरपर्यंत पोहोचतात. घोट्याचे अस्थिबंध वरच्या थरात असल्याने तेथे बहुधा ३ मेगाहर्ट्‌झ निवडले जाते. लहरी अखंड सोडल्यास ऊती तापतात. थांबून थांबून सोडल्यास उष्णता कमी राहते. जेल हे औषध नव्हे. हवेचा पातळ थरही जवळजवळ सर्व ध्वनी परत फिरवतो, म्हणून यंत्राचे टोक आणि त्वचा यांच्यातील हवा घालवण्यासाठी ते लावतात. टोक सतत फिरते ठेवावे लागते, कारण लहरींचा झोत सर्वत्र सारखा नसतो आणि एकाच जागी थांबल्यास हाडालगत उष्णता साठून तीव्र कळ येऊ शकते.

प्रयोगशाळेत पेशींवर दिसलेले अनुकूल परिणाम रुग्णांमध्ये तितके दिसलेले नाहीत. मुरगळलेल्या घोट्यावरील उपचाराचा कॉक्रेन संस्थेचा आढावा २०११ मध्ये अद्ययावत झाला. त्यात ६ चाचण्या आणि ६०६ रुग्णांचा समावेश होता. त्यांपैकी पाच चाचण्यांत खऱ्या उपचाराची तुलना लहरी न सोडता केलेल्या दिखाऊ उपचाराशी झाली होती. सात ते चौदा दिवसांनंतर एकूण सुधारणेत दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. लहरी न मिळालेल्या गटातील घोटेही बरे होत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. निसर्गतः होणाऱ्या सुधारणेचे श्रेय त्या दिवसांत चाललेल्या उपचाराला सहज मिळते आणि रुग्ण व उपचारक दोघांचाही अनुभव या बाबतीत फसवा ठरू शकतो.

तरीही सर्व दुखापतींना एकच निष्कर्ष लावता येत नाही. खांद्याच्या कंडरेत कॅल्शियम साचण्याच्या विकारावर ऑस्ट्रियातील संशोधकांनी केलेली चाचणी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवड्यांत २४ वेळा, प्रत्येकी १५ मिनिटे उपचार दिल्यावर १९ टक्के खांद्यांतील साठा नाहीसा झाला. दिखाऊ उपचाराच्या गटात तो कोणाचाही गेला नाही. वेदनाही कमी झाल्या, परंतु नऊ महिन्यांनी वेदनेतील फरक लक्षणीय राहिला नव्हता. कंबरदुखीच्या बाबतीत ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत अल्ट्रासाउंड देऊ नये, असे स्पष्ट सांगितले.

गर्भवतीच्या पोटावर व कंबरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, डोळ्यांवर, पेसमेकरच्या जागी आणि शिरेत रक्ताची गुठळी असलेल्या भागावर हा उपचार करत नाहीत. मधुमेहामुळे पायाची संवेदना मंदावलेल्या रुग्णाला चटका कळत नाही. ही बाब उपचारापूर्वीच सांगायला हवी. यंत्राच्या पडद्यावरील आकडा आणि प्रत्यक्ष बाहेर पडणारी शक्ती यांत तफावत असू शकते, म्हणून यंत्राची ठरावीक काळाने तपासणी आवश्यक असते. टोकावर पाण्याचे थेंब टाकून तरंग पाहण्याच्या प्रचलित पद्धतीने यंत्र चालू असल्याचे कळते, मात्रा कळत नाही.

वेदना सोसवेल तसा हळूहळू भार देणे, घोट्याची हालचाल व बळ वाढवणे आणि एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव यांना मुरगळीच्या उपचारात अधिक भक्कम आधार आहे; तोलाच्या सरावाने पाय पुन्हा मुरगळण्याची शक्यताही घटते. पाय टेकून चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यास दुखत असेल, तर मशीन लावण्याआधी अस्थिभंग नसल्याची खात्री डॉक्टरांकडून करून घ्यावी लागते.