आधी पाणी, मग तेल

रायफल कशानं साफ करावी, यावर प्रत्येक बराकीत एक तरी तज्ज्ञ असतोच. कोणी डिझेलची तारीफ करतो, कोणी रॉकेलची, कोणी म्हणतो पेट्रोलनं फडका मारला की काम झालं. माजी सैनिक मित्रांनी हे सगळं ऐकलेलं आहे. माझं म्हणणं एवढंच की, बाटली निवडण्याआधी बॅरलमध्ये काय बसलंय ते बघावं. बारुदाची काजळी, टोपीचा क्षार, गोळीच्या वेष्टनाचा धातू आणि गंज ही चार वेगळी दुखणी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. फौजेला हे एका दिवसात कळलेलं नाही. त्यातली क्षाराची गोष्ट तर फार मजेदार आहे.

कंपनी सरकारच्या काळात नळीच्या बंदुकीत काळी बारूद असे. तिची घाण पाण्यात विरघळते, म्हणून बंदूक पाण्यानं धुवायची हे शिपायाला ठाऊक होतं. बाहेरून मात्र ती चकाकली पाहिजे असा हट्ट असे आणि त्यासाठी विटकरीची पूड घासत. म्हणजे रोज थोडं थोडं लोखंड खरवडून काढायचं! (इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री पॉलिश पेपर शोधणारे आमच्या वेळीही होतेच.) धुतल्यावर लावायला पुढं रंगून ऑइल आलं. ब्रह्मदेशात येनांजाऊंगच्या हातानं खणलेल्या विहिरींतून निघणाऱ्या खनिज तेलापासून ते करत. 'रंगून ऑइल' हे नाव विलायतेतल्या बंदुकीच्या दुकानांत नंतरही टिकून राहिलं.

१८९१ च्या सुमारास .३०३ च्या काडतुसात काळ्या बारुदीऐवजी कॉर्डाइट आलं. त्यात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन आणि ५ टक्के व्हॅसलीन. बॅरलला आतून वंगण मिळेल या आशेनं व्हॅसलीन घातलं होतं. प्रत्यक्षात त्याचा उपयोग बारूद टिकवायला झाला. आपल्याकडे ही काडतुसं खडकीच्या कारखान्यात होत, कॉर्डाइट निलगिरीतल्या अरुवनकाडूला आणि रायफल कलकत्त्याजवळच्या ईशापूरला. कॉर्डाइटला धूर कमी आणि काजळीही कमी. पण नवीनच त्रास सुरू झाला. संध्याकाळी स्वच्छ पुसून, तेल देऊन ठेवलेली बॅरल सकाळी आतून तांबूस दिसायची. पुन्हा पुसावी, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

तेव्हाच्या जाणकारांनी कारण शोधलं ते असं : गोळीच्या दाबानं घाण पोलादाच्या छिद्रांत शिरते आणि नंतर घामासारखी बाहेर येते. म्हणून हुकूम निघाला की, फायरिंगनंतर ब्रीचच्या बाजूनं नरसाळं लावून बॅरलमध्ये उकळतं पाणी ओतायचं. थोडंथोडकं नव्हे, चांगलं अडीच-तीन लिटर. उष्णतेनं छिद्रं उघडतील आणि आतली घाण निघून जाईल, असा त्यांचा हिशोब.

इलाज अगदी बरोबर होता. कारण साफ चुकीचं.

खरं कारण १९२२ साली अमेरिकेच्या खाण खात्यातल्या विल्बर्ट हफ या रसायनतज्ज्ञानं छापलं. दोष बारुदीचा नव्हता, टोपीचा होता. टोपीच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असे. ठिणगी पडली की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं आणि ते बॅरलभर पसरतं. हे आपल्या मिठाचंच भावंडं. पावसाळ्यात कोकणात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तसंच हा क्षार हवेतली ओल ओढतो आणि त्या ओलीत पोलाद गंजतं. तेलात तो विरघळत नाही. वरून कितीही तेल लावा, क्षार खाली बसून आपलं काम करत राहतो. काळ्या बारुदीच्या दिवसांत ढीगभर काजळीबरोबर तो धुतला जाई, म्हणून कोणाच्या लक्षात आला नव्हता. उकळत्या पाण्यानं छिद्रंबिद्रं काही उघडत नव्हती. पाणी मीठ विरघळवत होतं, एवढंच. गरम असल्यामुळं बॅरल तापून लवकर सुकायची, हा वरचा फायदा.

आमची तुकडी वरच्या आसामात एका पुलाच्या पहाऱ्यावर होती तेव्हा शेजारी सशस्त्र पोलिसांची चौकी होती. त्यांच्याकडे .३०३. त्यांचे वयस्कर हवालदार फायरिंगच्या दिवशी चहाच्या आधी एक मोठी किटली वेगळी उकळायला ठेवायला लावत. मी विचारलं, "उस्ताद, पानी क्यों?" ते म्हणाले, "तेल तो चादर है साहब, नहाना पहले पड़ता है." यापेक्षा चांगला खुलासा मला पुस्तकात मिळाला नाही.

हत्यार साफ करायच्या सामानाचंही असंच. .३०३ च्या बटात पितळी झाकणामागं तेलाची बाटली आणि पुलथ्रू असे. जवानांच्या तोंडी त्याचा 'फुलथ्रू' झाला. दोरी, एका टोकाला पितळी वजन आणि तीन फासे. वजनाजवळचा फासा तारेच्या जाळीसाठी, मधला चिंदीसाठी, तिसरा अडकलेली दोरी आरमोररनं ओढून काढण्यासाठी. पुसायची चिंदी चार बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड. अर्धा इंच कमी का, हे रिक्रूटला सांगावं लागतं : तेलाची चिंदी सैल गेली तर तेल बॅरलला लागतं, घट्ट गेली तर सगळं पुसून निघतं.

तारेची जाळी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय वापरायची नाही, असा नियम होता आणि तो योग्य होता. ती गंज काढते, पण पोलादही सोडत नाही. दोरीचंही भय होतंच. तिरकी ओढली की ती मझलच्या कडेवर घासते. दोरीला वाळू लागलेली असेल तर कानसच झाली. तोंड लंबगोल झालेली रायफल कितीही चांगल्या नेमबाजाच्या हाती द्या, ग्रुप बसणार नाही.

वेष्टनाच्या धातूसाठी अमोनियाचं द्रावण लागतं. ते बॅरलमध्ये वाळलं तर पोलादाला खड्डे पाडतं, म्हणून ते आरमोररचंच काम.

एसएलआर आली आणि कटकट गॅसच्या भागांकडं सरकली. पिस्टन आणि सिलिंडरवरच्या कडक काजळीला पाणी काहीच करत नाही. तिथं रॉकेलसारखं पातळ तेल, ब्रश आणि चिकाटी. पेट्रोलला मी विरोध करतो तो आगीमुळं तर खराच, पण ते धातूवरचं सगळं तेल उडवून त्याला उघडं पाडतं म्हणूनही. उलट लडाखसारख्या थंडीत जास्त तेल हाच शत्रू. ते घट्ट होतं आणि चालचे भाग जड होतात. तिथं तेलाचा नुसता हात फिरवायचा. शिवाय हत्यार तापलेल्या बंकरमध्ये आणलं की त्याला घाम सुटतो आणि बाहेर नेलं की तो गोठतो.

आता टोपीत तो क्षार नसलेली काडतुसं सर्रास मिळतात, म्हणून किटलीची गरज उरली नाही असं पोरं म्हणतात. पण एके-४७ हातात आली की काडतूस कुठलं, कधीचं, हे विचारावं. जुन्या सोव्हिएत आणि चिनी मालाच्या टोप्यांत तोच क्षार असे. बॅरलला आतून क्रोम असतं खरं, पण बोल्टच्या तोंडाला नसतं. गंज सुरू होतो तो तिथून. एकेची गज मझलकडून घालावी लागते, म्हणून बटातल्या डबीचं झाकण मझलवर बसवायची सोय केली आहे. त्याच्या भोकातून गज सरळ जाते आणि कड वाचते. घाईत जवान ते झाकण लावतच नाहीत.