पळसाचीं काळीं फुलें

फाल्गुन लागला म्हणजे सह्याद्रीच्या उतारांवरचा पळस पानें टाकून देतो आणि उघड्या फांद्यांवर केशरी-तांबड्या फुलांचा जाळ पेटतो. पांगारा आणि काटेसांवर हीं त्याच दिवसांतलीं त्याचीं भावंडें. पुढें चैत्र-वैशाखांत बहाव्याचीं पिवळीं झुंबरें लोंबूं लागतात. माणसाच्या डोळ्यांना हें वैभव सहज दिसतें. कॅमेऱ्याला मात्र तें दिसत नव्हतें. १८३९ सालीं पॅरिसमध्यें दागेरची छायाचित्रणाची कृति जाहीर झाली, त्यानंतर जवळजवळ सत्तर वर्षें पळसाचें फूल छायाचित्रांत काळें उमटत असे. आणि ज्या देशांत वसंत पांढऱ्या मोहोरानें येतो त्या देशांत मोहोरलेलें झाड ऐन उन्हांत आकाशांत विरून जात असे.

याचें कारण चांदीच्या क्षारांच्या स्वभावांत आहे. छायाचित्राच्या कांचेवर लावलेलें सिल्व्हर ब्रोमाइड निळ्या, जांभळ्या आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जंबुपार किरणांनींच पालटतें; हिरवा प्रकाश त्याला क्वचित् जाणवतो, पिवळा आणि तांबडा जवळजवळ मुळींच नाहीं. म्हणून निळें आकाश त्या कांचेला पांढऱ्या ढगाइतकेंच तेजस्वी वाटे. ऊन जितकें लख्ख आणि आकाश जितकें निळें, तितकी ही आपत्ति मोठी. चेरीच्या झाडाचा पांढरा फुलोरा पांढऱ्या झालेल्या आकाशावर उमटला म्हणजे उरे काय? चार काळ्या फांद्या.

समुद्राचीं आणि डोंगरांचीं चित्रें काढणारांनीं यावर एक युक्ति शोधली होती. गुस्ताव ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकारानें १८५६-५७ च्या सुमारास समुद्र एका निगेटिव्हवरून आणि आकाश दुसऱ्या निगेटिव्हवरून छापून दोहोंचा सांधा क्षितिजाच्या रेषेवर बेमालूम जुळविला. पण मोहोरलेल्या झाडाला क्षितिज नसतें. त्याच्या हजार डहाळ्यांच्या फटींतून हजार ठिकाणीं आकाश डोकावतें. तेथें सांधा घालावयाचा कोठें? जपानांत योकोहामाच्या चित्रशाळांनीं सरळ कुंचला हातीं घेतला. फेलिचे बेआतो आणि त्याच्यामागून कुसाकाबे किंबेइ यांच्या चित्रशाळांतून परदेशी प्रवाशांसाठीं रंगविलेल्या छायाचित्रांचे संग्रह तयार होत. त्या चित्रांतील साकुराचा गुलाबी रंग रंगाऱ्याच्या हातचा आहे. भिंगाला तो कधींच दिसला नव्हता. हीं चित्रें सुंदर नाहींत असें नव्हे. पण वसंताचा पुरावा म्हणून तीं पुढें करतां येत नाहींत.

भिंगापुढें पिवळी कांच धरून निळा प्रकाश अडवावा हा उपाय आज कोणालाहि सुचेल. त्या काळीं तो निरुपयोगी होता, आणि कां होता हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. जी कांचपट्टी केवळ निळेंच ओळखते, तिच्यापुढील निळें अडविलें तर तिच्यापुढें अंधारच राहतो. पट्टीवर प्रकाश पाडण्याचा अवधि कितीहि वाढविला तरी फुलें आणि आकाश यांचें परस्परांशीं प्रमाण जेथल्या तेथेंच. आंधळ्याला चष्मा देऊन काय उपयोग? आधीं दृष्टि यावयास हवी होती.

ती दृष्टि आली १८७३ सालीं, आणि आली ती योगायोगानें. बर्लिनमध्यें प्रकाशरसायनाचे अध्यापक असलेले हेर्मान फोगल हे इंग्लंडहून आलेल्या कांहीं पट्ट्या वर्णपटापुढें तपाशीत होते. पट्टीच्या आंत प्रकाश इकडेतिकडे फांकूं नये म्हणून तिच्यांत एक पिवळा रंग घातलेला होता. ती पट्टी निळ्याहूनहि हिरव्या प्रकाशानें अधिक काळवंडते असें फोगल यांना आढळलें. चांदीच्या क्षाराला जो प्रकाश स्वतः शोषतां येत नाहीं तो त्याला चिकटलेला रंग शोषून घेतो आणि त्याचें कार्य क्षारापर्यंत पोंचवितो, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. पुष्कळांनीं त्यावर अविश्वास दाखविला. अनेकांना तो प्रयोग स्वतः करतां आला नाहीं, आणि जें आपल्या हातून होत नाहीं तें खोटें मानण्याकडे विद्वानांचाहि कल असतो.

फोगल यांच्या शोधाला बळकटी ज्या ठिकाणाहून आली त्यांत एक ठिकाण हिंदुस्थानांतलें होतें, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाहीं. कलकत्त्यास भूमापन खात्याच्या छायाचित्र विभागाचें काम पाहणारे जेम्स वॉटरहाउस हे लष्करी अधिकारी होते. नकाशांच्या प्रती काढणें हें त्यांचें रोजचें काम. त्यांनीं १८७५ च्या सुमारास रंगांचे प्रयोग करून इओसिन या रंगाच्या अंगीं हा गुण असल्याचें दाखविलें. तांबड्या शाईंत पडणारा हा रंग पट्टीला हिरव्या-पिवळ्याची ओळख करून देतो. १८८२ सालीं टेलफर आणि क्लेटन यांनीं इओसिन घातलेल्या जिलेटिनच्या पट्ट्यांचें फ्रान्समध्यें पेटंट घेतलें, आणि अशा पट्ट्या बाजारांत येऊं लागल्या.

आतां पिवळ्या कांचेला अर्थ आला. या पट्ट्यांचाहि मूळचा ओढा निळ्याकडेच होता. पिवळ्या फिल्टरनें निळें कमी केलें म्हणजे आकाश करडें उतरे, त्यावर पांढरा मोहोर उठून दिसे, आणि बहाव्यासारखीं पिवळीं फुलें मळकटपणा टाकून उजळून येत. किंमत द्यावी लागे ती वेळेची. फिल्टर जितका गडद, तितका प्रकाश पाडण्याचा अवधि वाढवावा लागतो; साध्या पिवळ्याला सुमारें दुप्पट, गडद तांबड्याला सुमारें आठपट. वसंताचा वारा तेवढा वेळ थांबत नाहीं. डहाळी हलली कीं फुलांचा धूर होतो. म्हणून मोहोराचीं चित्रें घेणारा मनुष्य ऊन असूनहि पहांटेच्या निवांत घटकेची वाट पाहत बसे, हें नवल वाटण्यासारखें असलें तरी त्याचें कारण असें साधें आहे.

पळस मात्र अजून काळाच होता, कारण इओसिनला तांबडें कळत नाहीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत मीठे आणि ट्राउबे यांनीं, आणि त्यांच्या पाठोपाठ होमोल्का यांनीं, तांबड्यालाहि जागे करणारे रंग शोधले. १९०६ सालीं इंग्लंडमध्यें क्रॉयडन येथील रॅटन आणि वेनराइट या कंपनीनें सर्व रंग ओळखणाऱ्या पॅन्क्रोमॅटिक पट्ट्या विक्रीस आणल्या. त्याच वर्षीं केनेथ मीस हे तरुण रसायनज्ञ त्या कंपनींत आले. फिल्टरांचें शास्त्र त्यांनीं नीट बसविलें. १९१२ सालीं कोडॅकनें ती कंपनी विकत घेतली, तरी फिल्टरांना रॅटनचें नांव पुढेंहि चिकटून राहिलें. जुन्या कारागिरांना या पट्ट्या आवडल्या नाहींत. तांबड्या दिव्याच्या उजेडांत निगेटिव्ह डोळ्यांनीं पाहत धुण्याची त्यांची संवय. आतां तो दिवाच पट्टीला दिसूं लागला, आणि सारें काम निबिड काळोखांत, घड्याळाच्या आणि उष्णमानाच्या हिशेबावर करावें लागलें.

पळसाला न्याय मिळाला तरी पेंच सुटला नाहीं. साधा पिवळा फिल्टर लावला तर आकाश करडें होतें आणि केशरी फूलहि जवळजवळ तितकेंच करडें. डोळ्यांना एकमेकांच्या विरुद्ध दिसणारे दोन रंग कागदावर एकजीव होतात. तांबडा फिल्टर लावला तर आकाश काळवंडतें आणि फूल पांढरें फटक पडतें. हिरवा लावला तर फूल पुन्हां काळें. कोणतें चित्र खरें, याचें उत्तर कांचेजवळ नाहीं. तें फिल्टर निवडणारालाच द्यावें लागतें.

रंगीत छायाचित्रांत ही निवड संपली. १९०७ सालीं ल्युमिएर बंधूंची ऑटोक्रोम पट्टी आली आणि १९३६ सालीं साध्या कॅमेऱ्यासाठीं कोडाक्रोम फिल्म मिळूं लागली. पिवळा फिल्टर लावावा तर सारें चित्रच पिवळें होणार. येथें उपयोगीं पडला ध्रुवित प्रकाशाचा फिल्टर. सूर्यापासून काटकोनांत असलेल्या आकाशाचा प्रकाश पुष्कळसा एकाच दिशेनें कंप पावतो. तो अडविला तर रंगाला धक्का न लागतां आकाश गडद होतें आणि पाकळ्यांवरची व पानांवरची चकाकी उतरते. अमेरिकेंत एडविन लँड यांनीं अशा कांचेच्या पेटंटासाठीं १९२९ सालीं अर्ज केला. तिच्यांतील सूक्ष्म स्फटिक मात्र १८५२ सालीं इंग्लंडमध्यें हेरापाथ यांना सांपडले होते, आणि तेहि क्विनाइन चारलेल्या कुत्र्याच्या मूत्रांत आयोडीन पडलें म्हणून!

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यांत फिल्टर भिंगापुढून उठून आंत, प्रकाश टिपणाऱ्या चकतीवरच जाऊन बसले आहेत. ब्राइस बेयर यांच्या १९७६ च्या पेटंटाप्रमाणें त्या सूक्ष्म घरांपैकीं निम्मीं हिरवीं, पाव निळीं आणि पाव तांबडीं असतात. दुपारच्या उन्हांत पळसाचें चित्र घेतलें म्हणजे तांबडीं घरें सर्वांआधीं भरून वाहतात. पाकळीवरच्या बारीक शिरा आणि मखमली लव पुसली जाते, आणि फुलाच्या जागीं सपाट केशरी डाग उरतो. त्यासाठीं कॅमेऱ्यांत येणारा प्रकाश थोडा कमी करावा लागतो, आणि मग पळसाच्या फांद्या काळ्या पडतात.