ताकाला जाणाऱ्यांचा इतिहास

'ताकाला जाऊन भांडे लपवणे' ही म्हण मी वर्गात शिकवतो. खोटा संकोच, असा तिचा अर्थ मुले लिहून घेतात. ते भांडे कुणाचे, हे कुणी विचारत नाही. महारवाड्यातल्या बाईला भांडे लपवण्याची सोयच नव्हती. ते जमिनीवर ठेवून तिने दूर उभे राहायचे आणि वरून ओतलेली धार त्यात पडायची. माझी आजी सांगे, "धार चुकली की अर्धं ताक मातीत. पर पुन्यांदा मागायचं न्हाई."

गावगाड्यात ताक फुकट मिळे, याचे गोडवे पांढरपेशा लेखकांनी पुष्कळ गायिले. त्यामागचे अर्थकारण साधे होते. लोण्याचे तूप होई; ते टिके, बाजारात विकले जाई. ताक दुसऱ्या दिवशी आंबटढाण होई. जे टिकत नाही ते दान झाले! आणि दान तरी कसले? अंगण-गोठा झाडणे, सरपण फोडणे, सांगावे पोचवणे, या राबणुकीचाच तो मोबदला होता.

ताकापर्यंत हात पोचला तर चाले, तुपापर्यंत नाही. जयपूर संस्थानातील चकवारा गावी एका अस्पृश्याने तीर्थयात्रेहून परतल्यावर आपल्या जातभाईंना जेवण घातले. पानात तूप वाढले म्हणून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, त्यांनी अन्न नासवले. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त ही घटना नोंदवली आहे.

पाककृतींच्या पुस्तकांत हल्ली टीप असते : केकसाठी ताक नसल्यास दुधात लिंबू पिळावे. सोडा फुलायला आम्ल लागते, तेव्हा टीप बरोबरच आहे. पण दूधच नसेल तर? ही विद्या आमच्या आयांकडे होती. चिंचेच्या कोळात ज्वारीचे पीठ कालवायचे, वरून लसूण-मिरचीची फोडणी, झाली कढी. ताकाची कढी पिठाशिवाय उकळली तर फाटते, ही फाटत नाही. अंबाडीचा पाला स्वतःच आंबट. आणि आंबील : पीठ पाण्यात कालवून रात्रभर ठेवायचे, सकाळी शिजवायचे. दह्यात जे लॅक्टिक आम्ल तयार होते तेच आंबिलीतही होते. जिवाणूंनी महारवाडा वर्ज्य मानलेला नाही.

शाहू पाटोळे यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' (२०१५) येईपर्यंत या स्वयंपाकाची सविस्तर नोंद मराठीत जवळजवळ नव्हती. हा योगायोग नव्हे.

१९७० साली 'ऑपरेशन फ्लड' सुरू झाले. गावोगावचे दूध पुढे सकाळीच डेअरीच्या कॅनमध्ये जाऊ लागले. आमच्या गावातल्या रव्या थांबल्या, फुकटचे ताक संपले. जुन्या पिढीतले काहीजण त्याची हळहळ करत. आजीने कधी केली नाही. "बरं झालं, भांडं तरी घरात राहिलं," एवढेच ती म्हणे.

आज घरात पाकिटातले ताक येते. आई मात्र कढीचा बेत असला की आदल्या रात्री चिंचच भिजत घालते.