पँथरांचा दवाखाना आणि रक्ताचा एक थेंब

पँथर म्हटलं की आपल्याला मुंबई आठवते, १९७२ साल आठवतं, नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आठवतात. दलित पँथरनं ज्यांच्यावरून नाव घेतलं, त्या अमेरिकेतल्या ब्लॅक पँथर पार्टीचं मात्र एकच चित्र आपल्या डोक्यात असतं. काळी जाकिटं, काळ्या टोप्या आणि हातात बंदुका. आज मी त्यांच्या दवाखान्यांबद्दल बोलणार आहे. त्यातही डॉक्टरांपेक्षा जास्त, तिथे बिनपगारी राबणाऱ्या विद्यार्थ्यांबद्दल.

आधी थोडं मागे जाऊ. १९१० साली अमेरिकेत वैद्यकीय शिक्षणावर फ्लेक्सनर अहवाल आला. शिक्षणाचा दर्जा सुधारला हे खरं, पण त्यानंतरच्या काही वर्षांत कृष्णवर्णीयांच्या सात मेडिकल कॉलेजांपैकी पाच बंद पडली. उरली दोनच, हॉवर्ड आणि मेहॅरी. म्हणजे पुढच्या कित्येक पिढ्या काळ्या वस्तीत काळा डॉक्टर मिळणं मुश्किल. मग आजारी पडलं की जायचं कुठे? शहरातल्या सरकारी नाहीतर शिकाऊ हॉस्पिटलात. तिथे तासन्‌तास रांग, आणि नंबर लागला की समोर शिकाऊ डॉक्टर. लोकांच्या मनात एक सल कायम होता : ही पोरं आमच्या अंगावर हात बसवून घेतात आणि मग दुकान थाटतात श्रीमंतांच्या वस्तीत.

हा सल लक्षात ठेवा. आजची सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

साठच्या दशकात हवा बदलली. नागरी हक्कांची चळवळ जोरात होती. १९६६च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मेडिकल, नर्सिंग, डेंटलचे विद्यार्थी सुट्टीत गरीब वस्त्यांमध्ये काम करायला उतरले. ७ जून १९६७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात डेव्हिड स्मिथ नावाच्या तरुण डॉक्टरनं मोफत दवाखाना उघडला. आरोग्यसेवा हा हक्क आहे, मेहेरबानी नाही, हे त्यांचं ब्रीद. मग अशा दवाखान्यांचं लोणच गावोगावी पसरलं.

पँथर पार्टी १९६६ साली ओकलंडमध्ये सुरू झाली होती. १९६९ मध्ये त्यांनी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. १९७०च्या सुमारास बॉबी सीलचा आदेश निघाला की प्रत्येक शाखेनं दवाखाना काढायचा. शिकागो, सिअ‍ॅटल, पोर्टलंड अशा अनेक शहरांत ते निघाले. पोर्टलंडमध्ये तर दातांचाही दवाखाना होता. दवाखाना म्हणजे काय, तर एखादा साधा गाळा, मागून आणलेली टेबलं, दान मिळालेली औषधं आणि स्वयंसेवक डॉक्टर.

आता विद्यार्थी तिथे काय करायचे? वजन घेणं, रक्तदाब बघणं, पेशंटची हकीकत लिहून घेणं, साध्या तपासण्या करणं. निदान आणि औषध मात्र डॉक्टरच ठरवणार. ही कामं वस्तीतल्या पँथर पोरापोरींनाही शिकवली जायची. म्हणजे विद्यार्थी एका हातानं शिकतोय आणि दुसऱ्या हातानं शिकवतोय. याशिवाय एक वेगळीच भूमिका होती, पेशंटच्या बाजूनं उभं राहणाऱ्याची. डॉक्टर काय म्हणाले ते साध्या भाषेत सांगायचं, पेशंटला काय विचारायचंय ते विचारायला लावायचं, त्याच्या हक्कांसाठी बोलायचं. आणि दवाखाना कसा चालवायचा हे ठरवणार कोण? कॉलेज नव्हे, पार्टी आणि वस्ती. मोठ्या हॉस्पिटलात आणि इथे खरा फरक हाच होता. शिकाऊ माणूस दोन्हीकडे होता, पण इथे त्याला जाब विचारणारे लोक बदलले होते.

याची खरी कसोटी लागली सिकलसेलमध्ये. १९७१ पासून पँथरांनी या आजाराच्या तपासणीची मोहीम काढली. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब एका द्रावणात टाकायचा. द्रावण गढूळ झालं तर रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. काम सोपं, कोणालाही थोड्या वेळात शिकवता येईल असं.

पण मेख इथेच आहे. द्रावण वाहकाच्या रक्तानंही गढूळ होतं आणि रुग्णाच्याही. वाहक म्हणजे ज्याला आई किंवा बाप, एकाकडूनच सिकलचं जनुक आलंय. तो सहसा ठणठणीत असतो. दोघांकडून आलं तर आजार. वाहक कोण आणि रुग्ण कोण हे सांगायला इलेक्ट्रोफोरेसिस ही पुढची तपासणी लागते. म्हणजे टोचणाऱ्याच्या हातापेक्षा त्याच्या तोंडून निघणाऱ्या पुढच्या दोन वाक्यांवर समोरच्याचं आयुष्य अवलंबून.

ती वाक्यं चुकली की काय होतं, हे अमेरिकेनं पाहिलं. काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली. वाहक म्हणजेच आजारी, असा गोंधळ माजला. निरोगी वाहकांना नोकरीत, विम्यात त्रास झाला. हवाई दलाच्या अकादमीचं दार तर वाहकांना १९८१ पर्यंत बंद होतं. १९७२ साली या आजारावर केंद्रीय कायदा झाला, त्यात तपासणी ऐच्छिक हवी हे तत्त्व आलं. पण तोवर व्हायचं ते नुकसान सुरू झालं होतं.

मंडळी, हा आजार आपल्यासाठी परका नाही. विदर्भात आणि नंदुरबारकडे ‘एएस’ आणि ‘एसएस’ ही अक्षरं घराघरांत माहीत आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारनं सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं आणि तपासणी झालेल्यांना कार्डं मिळू लागली. थेंब टाकून बघायची ती जुनी चाचणी आजही वापरात आहे. आईबाप दोघं वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, हे समजावणं कुणाच्या तरी वाट्याला येतंच. ते नीट समजावलं तर कार्ड उपयोगी. नाहीतर तेच कार्ड एखाद्या पोरीचं ठरलेलं लग्न मोडायला निमित्त होतं.

तुमच्यापैकी कितीतरी जण एमबीबीएस, नर्सिंग, बीएएमएस, फार्मसी करताय. शिबिरांना जाता, फोटो टाकता. टाका, माझी हरकत नाही. पण विद्यार्थ्यानं मोफत दवाखान्यात करण्यासारखं सगळ्यात मोठं काम सुईचं नाही असं मला वाटतं. डॉक्टरकडे दोन मिनिटं असतात, तुमच्याकडे वीस. समोरच्या बाईच्या बोटातून थेंब घेतलात ना, मग तिच्याशेजारी बसा, तो थेंब काय सांगतो आणि काय सांगत नाही हे तिच्या बोलीत सांगा, आणि तिला काय समजलं ते तिच्याच तोंडून ऐका. मगच पुढच्या नंबरला हाक मारा.

आजच्यापुरतं एवढंच. भेटू पुढच्या भागात.